तळणीची दोन मिनिटे

वऱ्हाडात उन्हाचे कौतुक कोणी करीत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, की माणसे डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि खिशात कांदा टाकून त्या उन्हाला मनसोक्त नावे ठेवतात. पण दिवाळीच्या सुमारास काळ्या शिवारात बोंडे फुटू लागली म्हणजे त्याच उन्हाचे दुसरे रूप दिसते. कापूस तरी दुसरे काय आहे? हवेतला कार्बन आणि मुळांनी ओढलेले पाणी यांची हिरव्या पानाने उन्हाच्या बळावर घातलेली सांगड! आभाळ आठ-आठ दिवस झाकोळून राहिले, की पात्या गळतात आणि शेतकऱ्याचे तोंड उतरते. दिवाळीचे नवे पातळ आणि फराळाच्या ताटातली चकली, दोन्ही शेवटी उन्हाचीच.

हे ऊन सूर्यापासून निघून सव्वाआठ मिनिटांत आपल्या अंगणात येते. पण ते ज्याच्यापासून येते, तो सूर्य केवढा? आपल्याला दिसते ती थाळी एवढाच? या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा तुकडा आपल्या वऱ्हाडातच सापडला, हे अमरावतीच्या माणसालाही सहसा ठाऊक नसते.

नागपूरकडे जाणाऱ्या आगगाडीने धामणगाव सोडले, की पुलगावच्या अलीकडे तळणी नावाचे लहानसे स्टेशन लागते. वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड संपले. शनिवार, २२ जानेवारी १८९८, पौषातली अमावास्या. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाच्या सावलीचा पट्टा कोकणातल्या विजयदुर्गापासून देश ओलांडून ईशान्येकडे जाणार होता. विजयदुर्गला नॉर्मन लॉकियर आले. सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे नेगमवाला आणि अमेरिकेतले कँपबेल. नदीपलीकडे पुलगावला न्यूअल आणि कॅप्टन हिल्स. पेट्या भरभरून आणलेली यंत्रे उतरवायला रूळ जवळ हवेत, म्हणून रेल्वेकाठच्या गावांचे भाग्य उघडले. तळणीला ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी उतरली. त्यांत ग्रिनिचच्या वेधशाळेतले वॉल्टर माँडर, त्यांच्या पत्नी ॲनी आणि जॉन एव्हरशेड नावाचे एक हौशी ज्योतिर्विद होते.

महिन्यापूर्वीच, डिसेंबर १८९७ मध्ये, अमरावतीला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले होते. स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. नक्षत्रांवरून वेदांचा काळ काढणारे ‘ओरायन’ ज्यांनी लिहिले, ते टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात होते. मोकळे असते तर या ग्रहणाकडे त्यांचे लक्ष गेल्यावाचून राहिले नसते, असे आपले मला वाटते.

ॲनीबाईंची हकीकत सांगण्यासारखी आहे. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात त्या गणित शिकल्या आणि १८९१ मध्ये ग्रिनिचला गणनेच्या कामावर लागल्या. पगार महिना चार पौंड. रोज सूर्याची छायाचित्रे घ्यायची आणि त्यावरचे डाग मोजायचे. १८९५ साली माँडरांशी लग्न झाले आणि नोकरी सुटली, कारण विवाहित स्त्रीने सरकारी नोकरीत राहू नये असा त्या काळचा दंडक होता. सूर्य मात्र सुटला नाही. कॉलेजकडून मिळालेल्या अनुदानातून त्यांनी एक लहान कॅमेरा करवून घेतला होता. भिंग जेमतेम दीड इंच रुंदीचे. तोच घेऊन त्या तळणीला आल्या.

ग्रहण म्हटले की आपल्याकडे वेध पाळायचे, दारे लावून घ्यायची, आणि मोक्षानंतर ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ ऐकू यायचे. या मंडळींची रीत अगदी उलटी. ज्या दोन मिनिटांत जग पाठ फिरवते, तेवढ्याच दोन मिनिटांसाठी ती सात समुद्र ओलांडून आली होती. एरवी सूर्याचे तेजच सूर्याला झाकून टाकते. चंद्राने ते तेज अडवले म्हणजे थाळीभोवती मोत्यासारखा फिकट प्रभामंडल उमटतो.

आभाळ स्वच्छ होते. त्या दुपारी ॲनीबाईंच्या काचेवर प्रभामंडलाचा एक किरण उमटला, आणि तो निघाला सूर्याच्या त्रिज्येच्या चौदापट, म्हणजे साठ लाख मैल लांब! इतका लांब किरण तोपर्यंत कोणाच्याच छायाचित्रात आला नव्हता. थाळीची कड ही सूर्याची शीव नव्हे, हे दीड इंची भिंगाने दाखवले. पुढे १९०४ मध्ये वॉल्टर माँडरांनी पृथ्वीवरील चुंबकी वादळांचा संबंध सूर्यावरून निघणाऱ्या अरुंद झोतांशी जोडला, त्यामागे तळणीच्या या चित्राचे बळ होते. १९५८ साली पार्करने ‘सौरवारा’ मांडला. प्रकाशाखेरीज सूर्याचे द्रव्यही आपल्यापर्यंत पोहोचते, हे आता सर्वमान्य आहे.

एव्हरशेडांचे काम निराळे. सूर्यप्रकाश लोलकातून सोडला, की रंगपट्ट्यात काळ्या रेघा दिसतात. खग्रास लागण्याच्या क्षणी, थाळी झाकली जाऊन भोवतीचे पातळ वायुमंडल तेवढे उघडे असते, तेव्हा त्याच रेघा क्षणभर उजळतात. कोणत्या रेघा कोणत्या मूलद्रव्याच्या, हे ओळखता येते. १८६८ सालचे ग्रहण पाहायला जान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला आले होते. त्या वर्षी सूर्याच्या वर्णपटात दिसलेल्या एका पिवळ्या रेघेवरूनच हेलियमचा शोध लागला. पृथ्वीवर तो वायू सापडायला १८९५ उजाडले. एव्हरशेडांनी तळणीला ती क्षणिक चमक टिपली आणि जांभळ्याच्या पलीकडे, डोळ्याला न दिसणाऱ्या पट्ट्यात, हायड्रोजनचा अखंड प्रकाश नोंदवला. अशा वर्णपटांची संगती लावणारे सूत्र १९२० मध्ये मेघनाद साहांनी दिले.

एव्हरशेड पुन्हा हिंदुस्थानात आले, ते कायमच्या नोकरीवर. कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०९ साली सूर्यडागांतून वायू बाहेर वाहतो हे त्यांनी दाखवले, आणि पुढे ते तिचे संचालक झाले. त्या वेधशाळेचा वारसा आज बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी अवकाशात गेलेल्या ‘आदित्य-एल१’ यानावर याच संस्थेने केलेली दुर्बीण आहे. तिच्यात सूर्याच्या थाळीचा प्रकाश वगळला जातो आणि प्रभामंडल उघडा पडतो. तळणीला चंद्राने दोन मिनिटे केले, ते ही दुर्बीण हवे तेव्हा करते.

ॲनीबाईंना रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८९२ साली सभासदत्व नाकारले होते. स्त्रियांसाठी दार उघडले ते १९१६ मध्ये, आणि त्याच वर्षी त्या आत गेल्या. तोवर त्यांच्या किरणाला अठरा वर्षे झाली होती.