गांधी-माहितीपट आणि सेवाग्राम
महात्मा गांधींच्या चित्रणात वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचे (पूर्वीचे शेगाव) स्थान मोठे आहे. गांधीजी १९३६ मध्ये येथे राहावयास आले. आश्रमातील दिनक्रम कनू गांधी यांनी छायाचित्रांत टिपला, तोही तीन अटी पाळून: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ मागायची नाही, आश्रमाकडे पैसे मागायचे नाहीत. म्हणूनच त्या चित्रांतले बापू आपल्या कामात गढलेले दिसतात. छायाचित्रांबरोबरच गांधीजींवर माहितीपटही झाले: ए. के. चेट्टियार यांचा तमिळ माहितीपट १९४० मध्ये आला. मात्र पुणे करार (१९३२) आणि फाळणी यांवरून गांधीजींवर कठोर टीका झाली; ती वगळणारा माहितीपट अपुराच म्हणावा लागेल. पुढे आलेला विठ्ठलभाई झवेरी यांचा ‘महात्मा’ (१९६८) हा माहितीपट पाच तासांहून अधिक लांबीचा असून जुन्या अस्सल चित्रणावर उभा आहे.