मिस फरार आणि नगरच्या मुली

दर वर्षी ३ जानेवारीला आपल्या मंडळात सावित्रीबाई फुले यांची जयंती होते. तसबिरीला हार घालतो, कोणीतरी चार शब्द बोलते, मग चहा होतो. त्या चार शब्दांत एक नाव हटकून येते आणि लगेच निघूनही जाते. ते म्हणजे नगरच्या मिस फरार. "जोतीरावांनी नगरला मिस फरार यांची शाळा पाहिली आणि पुण्यात मुलींची शाळा काढली" एवढेच वाक्य. ही बाई कोण, कुठून आली, तिच्या शाळेत आयाबापांनी मुली धाडल्या तरी कशा, हे कोणी सांगत नाही. माझे माहेर नगरचे. (आता त्याला अहिल्यानगर म्हणायचे, पण माझ्या तोंडात नगरच बसले आहे.) म्हणून मला त्या नावाची चुटपूट लागून राहिली होती. मी सातवी शिकलेली, संशोधन वगैरे माझा प्रांत नव्हे. तरी वाचनालयातून पुस्तके आणून दुपारच्या वेळी जेवढे समजले तेवढे आपल्या स्मरणिकेसाठी लिहिते आहे.

सिंथिया फरार यांचा जन्म १७९५ साली अमेरिकेत न्यू हॅम्पशायर प्रांतात झाला. तिकडे त्या शिक्षिका होत्या. अमेरिकन मिशनचे पाद्री १८१३ साली मुंबईस उतरले होते. कंपनी सरकारला ते नको होते, त्यांना परत पाठवण्याचे हुकूमही निघाले, पण कसेबसे ते टिकले. टिकले म्हणजे तरी काय? गॉर्डन हॉल म्हणून त्यांच्यातला पुढारी पाद्री १८२६ साली नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीने गेला. त्याच्या आधी न्यूवेल नावाचे पाद्री १८२१ साली मुंबईत पटकीनेच गेले होते, आणि त्यांची बायको हॅरिएट तर हिंदुस्थानच्या वाऱ्या करतानाच, १८१२ साली, मॉरिशस बेटावर वारली. अवघी एकोणीस वर्षांची होती! आपल्याकडे त्या वयाच्या मुलीला आपण एकटीने मुंबईला पाठवताना दहा वेळा विचार करतो.

या मंडळींनी १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली. पण पुरुषमाणसाने परक्याच्या माजघराशी जाऊन "मुलगी शाळेत धाडा" म्हणायचे कसे? पाद्र्यांच्या बायका ते काम करीत, परंतु त्यांची स्वतःची बाळंतपणे, आजारपणे होतीच. म्हणून शाळांसाठी एक स्वतंत्र शिक्षिका पाठवावी असे ठरले आणि मिस फरार १८२७ साली बोस्टनहून गलबतात बसल्या. त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईस पोचल्या. वय बत्तीस, लग्न झालेले नाही. अविवाहित बाईने मिशनच्या कामासाठी समुद्रापार जावे ही गोष्ट खुद्द अमेरिकेतही तेव्हा नवीच होती. परदेशी गेलेल्या अशा पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते. इकडे तर बत्तीस वर्षांची बिनलग्नाची बाई हा प्रकारच आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक नसणार. विधवा म्हणावी तर कुंकू पुसलेले नाही, सवाशीण म्हणावी तर नवरा नाही. हिला हाक तरी काय मारायची, हाच पहिला पेच पडला असेल असे मला वाटते.

तेव्हाची समजूत आपल्याला माहीतच आहे. बाईने अक्षर गिरवले की नवरा मरतो. मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की लग्न, म्हणजे शाळेत आली तरी दोन-तीन वर्षे. आणि शिकवायला स्त्री-शिक्षक तर मुळीच नाहीत, कारण शिकलेल्या बायकाच नाहीत. तेव्हा मिशनने आपलेच हिंदू पंतोजी नोकरीवर ठेवले, ते बहुधा ब्राह्मण असत. मला या गोष्टीची फार मौज वाटते. मिशनची पुस्तके, त्यांत ख्रिस्ती धर्माचा उपदेश, आणि तो मुलींकडून म्हणवून घेणारे शेंडीवाले पंतोजी. घरी जाऊन ते आंघोळ करीत असतील, देवपूजा करीत असतील आणि सकाळी पुन्हा पगारावर हजर. बाईंनाही ते ठाऊक असणार. दोघांनीही थोडा काणाडोळा केला, म्हणूनच शाळा चालली. शेजारधर्मसुद्धा असाच चालतो.

बाईंचे काम म्हणजे या शाळांवर देखरेख करायची. आज या आळीत, उद्या त्या आळीत. मराठी शिकल्याशिवाय ते शक्यच नव्हते, आणि त्या शिकल्या. मुलींना वाचन, लिहिणे आणि शिवणकाम शिकवीत. १८२९ सालापर्यंत त्यांच्या शाळांतून चारशेच्या घरात मुली होत्या. त्याच साली स्कॉटिश मिशनच्या डॉ. विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट मुंबईस आल्या, त्यांनीही मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ साली त्या इथेच वारल्या. मिस फरार यांचीही प्रकृती ढासळली, १८३७ साली त्यांना मायदेशी जावे लागले. कोणीही म्हणाले असते, झाले तेवढे पुष्कळ झाले. पण १८३९ साली त्या परत आल्या आणि या वेळी थेट नगरला.

नगरला अमेरिकन मिशन १८३१ च्या अखेरीस आले होते. आता येथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती गाळून नुसते गोडगोड लिहिणे बरे नव्हे. ही मंडळी आली होती ती धर्मप्रसारासाठी. मुलींना अक्षरओळख व्हावी ती बायबल वाचता यावे म्हणून. आपल्या देवदेवतांविषयी, मूर्तिपूजेविषयी ते लोक जे बोलत आणि छापीत ते वाचताना आजही मनाला लागते. आणि आयाबापांची भीती उगाचची नव्हती. १८३९ साली मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेतले दोन पारशी मुलगे ख्रिस्ती झाले, तर शाळा ओस पडली. त्याच साली नगरला हरिपंत खिस्ते या ब्राह्मण गृहस्थांनी बाप्तिस्मा घेतला. ते पुढे १८५४ साली पाळक झाले. मग १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी धर्म बदलला आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे गेला. हा अगदीच पोर, बारा वर्षांच्या आसपास. बाप कोर्टात गेला आणि कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला.

तरी घोर मिटला नाही. मिशनऱ्यांकडे राहून जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही यावर मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन घ्यावे म्हणून खटपट केली, तर सनातनी मंडळींनी बाळशास्त्र्यांवरच बहिष्काराची भाषा केली. वादात शास्त्र्यांची नावे आहेत, पाद्र्यांची आहेत, न्यायाधीशांची आहेत. त्या मुलाच्या आईचे नाव मला कुठे सापडले नाही. एक मुलगा गेलेला, दुसरा परत आला तर त्याला स्वयंपाकघरात घ्यायची बंदी. तिने त्याला पान कुठे वाढले असेल, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

अशा दिवसांत नगरच्या बायकांनी मुली मिस फरार यांच्याकडे पाठवल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे मग त्या शाळांची किंमत कळते. सरदारवाडे, पेठा, महारवाडा, मांगवाडा यांच्या चालीरीती निरनिराळ्या. नगरला मिशनकडे जे लोक पुढे गेले त्यांत महार समाजाचे सर्वांत अधिक. त्यांना देवळात प्रवेश नव्हता, सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी नव्हते, गावच्या पंतोजीकडे शिक्षण नव्हते. त्यांना "आत या, बसा" म्हणणारे कोणी भेटले तर ते गेले, यात नवल कसले? त्यांना नावे ठेवण्यापूर्वी आपण आपल्या अंगणाकडे पाहावे. मिस फरार यांनी नगरला वीस वर्षांच्या वर काढली. पेचप्रसंग आला की मुली कमी होत, शाळा बंद पडत. मग पुन्हा दारोदार जाणे, पुन्हा दोन-चार मुली. आपला साक्षरतेचा वर्ग चालवताना, "बांधकामावरच्या बायका बोलावूनही येत नाहीत" अशी तक्रार आपण करतो. बोलावणे आपण फळ्यावर लिहून लावले होते, हे येथे नमूद करून पुढे जाते.

जोतीराव फुले हे स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांचे मित्र सदाशिवराव गोवंडे नगरला नोकरीस होते. त्यांच्याकडे गेले असता १८४८ च्या सुमारास जोतीरावांनी मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली. पाहिले काय असेल? ओळीने बसलेल्या मुली, पाटी, वाचता येणारी कोणी धीट पोर. पण पाहणाऱ्याचे डोळे निराळे होते. परके लोक आपल्या मुलींसाठी हे करतात, मग आपण का नाही, हा विचार घेऊन ते परतले आणि १८४८ सालीच पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शिकवायला सावित्रीबाई. त्यांनी शिक्षिकेचे शिक्षण नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यास मिसेस मिचेल यांच्याकडे घेतले, असे त्यांच्या चरित्रांत सांगतात. मिशनची शाळा पाहून काढलेली ही शाळा मिशनची मात्र नव्हती. जोतीराव वा सावित्रीबाई ख्रिस्ती झाले नाहीत. घ्यायचे ते घेतले आणि आपल्या मनाने चालवले.

याच फुल्यांच्या शाळेतली मुक्ता नावाची मांग समाजातली मुलगी. तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो १८५५ साली छापला कोणी? नगरला १८४२ साली मिशनने सुरू केलेल्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने. म्हणजे अमेरिकेची बाई नगरला, नगरहून कल्पना पुण्याला, आणि पुण्यातल्या शाळकरी मुलीचा शब्द पुन्हा मिशनच्या छापखान्यात. त्या मुलीने पेशवाईतल्या जाचाविषयी जे रोखठोक लिहिले आहे, ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. सातवीपर्यंत मला कोणी तिचे नावही सांगितले नव्हते.

मिस फरार १८६२ साली नगरलाच वारल्या. या देशात येऊन चौतीस वर्षे झाली होती. त्यातली मधली दोनेक वर्षे सोडली तर सारी इथेच.

त्यांच्या मागून नगरच्या मिशनात जे झाले ते लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवले आहे. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे त्या एकत्र राहू लागल्या तरी सोवळे पाळीतच. मग जात देवाने केली की माणसाने हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला, आणि स्वतःच विचार करून त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शाळेत न गेलेली ही बाई! त्यांच्या त्या पुस्तकात साहेबांच्या मडमा आहेत, दुष्काळातली मुले आहेत, भांडणे आहेत, आणि हसून हसून पुरेवाट होते.

टिळकांनी आणखी एक केले. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवून गाणी म्हणत. टिळकांनी अभंग, पदे रचली, कीर्तने केली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे गेलो असे ते म्हणत. अखेरीस १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. मी लहान असताना नाताळात आमच्या गल्लीच्या पलीकडून टाळ-पेटीचा आवाज यायचा. आई म्हणायची, एकादशी तर नाही, मग भजन कोणाचे? मग तिकडूनच करंज्यांचे ताट यायचे. आपल्याच करंज्या, सारणही तेच.

उलट दिशेनेही देवघेव झाली. त्याच मिशनचे जस्टिन ॲबट. त्यांचे वडीलही याच मिशनात होते. त्यांनी निवृत्तीनंतर आपल्या संतांची चरित्रे आणि काव्य इंग्रजीत नेण्याचे काम हाती घेतले. काही भागांत पंडित नरहर गोडबोले यांची त्यांना साथ होती. त्यांत १९२९ साली त्यांनी संत बहिणाबाईंचे आत्मचरित्र आणि अभंग भाषांतर करून छापले, मूळ मराठीसह. तुकोबांची शिष्या, शिऊरची बहिणाबाई, नवऱ्याचा मार खाऊन अभंग रचणारी. ती अमेरिकेतल्या वाचकांना कळली ती एका पाद्र्यामुळे. मूर्तिपूजेवर टीका करीत आलेल्या मिशनातला माणूस शेवटी विठ्ठलाच्या भक्तिणीचे अभंग उतरवीत बसला होता. शंभर वर्षे शेजारी राहिल्यावर एवढे तरी व्हायचेच.

'स्मृतिचित्रे'ची एक प्रत आपल्या मंडळाच्या कपाटात आहे. सध्या ती माझ्याकडे आहे. कोजागरीपर्यंत परत करीन, ज्यांना हवी असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव नोंदवून ठेवावे.