एम६१.२ : जगलेल्यांचा संकेतांक

मी फिजिओथेरपी शिकले आणि पुण्यात मेडिकल कोडिंग करते. अमेरिकेतल्या रुग्णालयांचे चार्ट वाचायचे आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक निदानाला ठरलेला कोड लावायचा, हे आमचं काम. या हजारो कोडमध्ये एक मला विशेष जवळचा वाटतो : एम६१.२. अंग लुळं पडल्यानंतर स्नायूंत कॅल्शियम साठणं किंवा हाड तयार होणं, यासाठी तो आहे.

पाठीच्या मज्जारज्जूला इजा झाली, की काही रुग्णांच्या सांध्यांभोवती, बहुतेकदा खुब्यापाशी, नवं हाड वाढू लागतं. ते अस्थिमज्जा असलेलं खरंखुरं हाड असतं. इजेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मांडी सुजते, गरम लागते. शिरेत गुठळी झाली की जंतुसंसर्ग, अशी शंका येते. सुरुवातीच्या एक्स-रेत काही दिसतही नाही. पुढे खुबा आखडतो आणि व्हीलचेअरवर नीट बसता येईनासं होतं. ज्याचं सगळं फिरणं त्या खुर्चीवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी हा दुसरा आघातच.

याचं पहिलं सविस्तर वर्णन पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच सैनिकांवरून झालं. ते करणाऱ्या डॉ. ऑगस्टा देजेरिन-क्लुम्पके १८५९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मल्या आणि पॅरिसमध्ये डॉक्टर झाल्या. तिथल्या रुग्णालयांत बाईला 'इंटर्न'ची जागा मिळणं अशक्य मानलं जात होतं. १८८६ मध्ये त्यांनी ती मिळवली. युद्धात कण्याला गोळ्या लागलेल्या जवानांना त्यांनी तपासलं आणि १९१८ मध्ये आंद्रे सेलिए यांच्यासोबत या हाडांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं.

म्हणजे आजार ओळखला गेला होता. पण आमचे कोड जिच्यातून येतात, त्या रोगांच्या जागतिक यादीत त्याला जागा नव्हती, आणि याचं कारण ती यादी कशासाठी जन्मली त्यात आहे. ती मूळची मरणाची यादी. पॅरिस शहराच्याच सांख्यिकी विभागाचे प्रमुख जॅक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत मृत्यूच्या कारणांचं वर्गीकरण मांडलं. १९०० पासून सुमारे दर दहा वर्षांनी त्याची सुधारित आवृत्ती निघू लागली. माणूस कशाने गेला, एवढंच ती विचारायची. खुब्यातल्या हाडाने माणूस मरत नाही, त्याचं बसणं-उठणं तेवढं जातं. रुग्णालयांनी मृत्यूंसोबत आजारांचीही सारख्या पद्धतीने नोंद ठेवावी, असा आग्रह फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्येच लंडनच्या सांख्यिकी परिषदेत धरला होता. ते प्रत्यक्षात यायला पुढची अठ्ठ्याऐंशी वर्षं गेली.

शिवाय तेव्हा कणा मोडलेली माणसं फार जगतच नसत. पाठीला पडलेले व्रण आणि लघवीचा जंतुसंसर्ग बहुतेकांना काही आठवड्या-महिन्यांत नेत. ते चित्र दुसऱ्या महायुद्धाने बदललं. जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी विभाग सुरू केला. रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, मूत्राशय सांभाळायचं, आणि त्याला कामाला व खेळाला लावायचं, हा त्यांचा नियम. प्रतिजैविकंही आली होती. लुळी पडलेली माणसं जगू लागली.

१९४८ चा जुलै महिना मला या इतिहासाचा सांधा वाटतो. त्या महिन्यात पहिल्या जागतिक आरोग्य सभेने यादीची सहावी आवृत्ती मंजूर केली आणि तिच्यात प्रथमच मृत्यूच्या कारणांसोबत जिवंतपणी भोगायच्या आजारांना व इजांना पूर्ण जागा मिळाली. आणि त्याच महिन्यात, २९ तारखेला, स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर व्हीलचेअरवरच्या रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. तिच्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. दोन वर्षांनी पुण्यात, खडकीला, असे जखमी झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू झालं.

यादीत मात्र या हाडाला स्वतःचं घर मिळायला अजून वेळ होता. अमेरिकेत १९७९ पासून वापरात आलेल्या नवव्या आवृत्तीत ते ७२८.१० या कोडखाली होतं. तो कोड 'अनिर्दिष्ट' प्रकारचा होता. पॅराप्लेजियाचा, म्हणजे दोन्ही पाय लुळे पडण्याचा, उल्लेख त्याच्याखाली कंसात यायचा. १९९० मध्ये मान्य झालेल्या दहाव्या आवृत्तीत चित्र स्पष्ट झालं : मार लागून होणारं हाड एम६१.० मध्ये, भाजल्यामुळे होणारं एम६१.३ मध्ये आणि लुळेपणातून येणारं एम६१.२ मध्ये. अमेरिकी रुग्णालयांनी ही आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५ ला घेतली. त्यांच्या रूपात तर जागा आणि बाजूही सांगावी लागते : उजवी मांडी एम६१.२५१, डावी एम६१.२५२.

आमच्या कामाची शिस्त कडक आहे. भरती रुग्णाच्या एक्स-रे अहवालात हाड दिसलं, म्हणून आम्ही आपल्या मनाने कोड लावू शकत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरने ते निदान लिहायला हवं, त्याचा लुळेपणाशी संबंध नोंदवायला हवा. नसेल तर आम्ही क्वेरी पाठवतो आणि उत्तराची वाट पाहतो. टार्गेट असतं, घड्याळ पुढे पळत असतं. 'अनिर्दिष्ट' कोड लावून चार्ट पुढे ढकलणं सोपं असतं. तरी मी क्वेरी पाठवते. नव्या मुलींनाही तेच शिकवते, कारण किती जणांना हा त्रास झाला, कोणाची शस्त्रक्रिया करावी लागली, औषधाने कोणाचं हाड थांबलं, हे पुढे याच नोंदींतून मोजलं जाणार असतं. जे नीट नोंदलं गेलं नाही, त्यासाठी खाट, पैसा आणि संशोधन मागणार कशाच्या जोरावर?

म्हणून डॉक्टरांना माझं सांगणं आहे : फक्त 'पॅराप्लेजिया' लिहून थांबू नका. हाड कुठे वाढलं, कोणत्या बाजूला, कशामुळे, हेही लिहा. मरणाच्या यादीत जगणाऱ्यांची दुःखं घालायला जगाला अर्धं शतक लागलं. ती जागा आता आहे, तर ती भरणं आपलं कर्तव्य आहे.