हौशी लोकांची शर्यत आणि सेगामा नदीचा ताप

मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा शिकवताना काही शब्दांपाशी मी दर वर्षी थांबतो. 'हौस' हा त्यातलाच एक. मूळ शब्द अरबी, 'हवस'. तिथे अर्थ वेड, झपाटलेपण. उर्दूत तो बदनाम झाला. हवस म्हटलं की हाव आणि वासनाच डोळ्यांसमोर येते. मराठीत येताना मात्र या शब्दाची सगळी बदनामी धुऊन निघाली. लग्नाची हौस, गाण्याची हौस, बागेची हौस. पोटासाठी नव्हे तर आवडीपोटी, पदरचे पैसे घालून जो एखादी गोष्ट करतो तो 'हौशी'. हौसेला मोल नसतं, असं आपण सहज म्हणून जातो.

आज अशाच हौशी लोकांच्या एका शर्यतीचा इतिहास सांगणार आहे. शर्यत झाली बोर्निओच्या जंगलात, पण तिची गोष्ट शेवटी आपल्या कोकणातल्या भातखाचरापर्यंत येते. म्हणूनच ती सांगावीशी वाटली.

एकाच शर्यतीत धावणं, सायकल आणि कयाक अशा अनेक गोष्टी करायच्या, आणि त्याही डांबरी रस्ता सोडून डोंगर-नद्यांतून, या प्रकाराला 'ॲडव्हेंचर रेस' म्हणतात. तिची एक महत्त्वाची सुरुवात न्यूझीलंडमध्ये झाली. रॉबिन जडकिन्स यांनी 1983 मध्ये 'कोस्ट टू कोस्ट' ही शर्यत भरवली. दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघायचं आणि डोंगररांग ओलांडून पूर्व किनाऱ्यावर क्राइस्टचर्चला पोहोचायचं. अंतर सुमारे 243 किलोमीटर. काही भाग सायकलवर, काही दगडगोट्यांतून धावत, काही वायमाकारिरी नदीतून कयाकने. पहिल्या वर्षी फक्त 79 जण उतरले होते. पुढे ही शर्यत त्या देशाच्या क्रीडाजीवनाचा भागच झाली. नोकरी-धंदा सांभाळणारी माणसं वर्षभर पहाटे सराव करतात आणि एकदा तरी ती पुरी करायची म्हणून उतरतात. जिंकणारा एखादाच, बाकी सगळे हौशी.

1989 मध्ये जेरार फ्यूसील या फ्रेंच पत्रकाराने ही कल्पना आणखी ताणली. त्याच्या शर्यतीत पाच जणांचा संघ असे आणि त्यात निदान एक स्त्री हवीच. बरेच दिवस चालणारी वाट, हातात नकाशा आणि होकायंत्र, इंजिनावर चालणाऱ्या वाहनाला मनाई. शर्यतीचं नाव 'रेड गोलुआझ'. गोलुआझ हा फ्रान्समधला सिगारेटचा ब्रँड. माणसाच्या फुप्फुसांची कसोटी पाहणारी शर्यत सिगारेटच्या नावाने भरत होती, ही इतिहासाची गंमत. पहिली शर्यत न्यूझीलंडमध्ये झाली आणि मग ती देशोदेशी फिरली. 1992 मध्ये ती ओमानमध्ये होती. तिथे मार्क बर्नेट नावाचा माजी ब्रिटिश पॅराट्रूपर स्पर्धक म्हणून उतरला. त्याने ही कल्पना अमेरिकेत नेली आणि 1995 मध्ये युटा राज्यात 'इको-चॅलेंज' सुरू केली. 1998 मध्ये ती मोरोक्कोत झाली आणि 2000 मध्ये मलेशियातल्या साबा राज्यात.

इको-चॅलेंजचा एक नियम मला फार आवडतो. संघ चार जणांचा, स्त्री-पुरुष मिळून. चौघांनी सगळी वाट एकत्र चालायची आणि शेवटची रेषाही एकत्रच ओलांडायची. एक जण थकून बाहेर पडला तर तो संघ क्रमवारीतून बाद. त्यामुळे सर्वात वेगवान गड्याला सर्वात थकलेल्या गड्याचं ओझं उचलावंच लागतं. जमातीने चालणं म्हणजे काय, हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला वर्गात देता येत नाही.

साबा हे बोर्निओ बेटाच्या उत्तर टोकाचं राज्य. 21 ऑगस्ट ते 3 सप्टेंबर 2000 या काळात तिथे 76 संघांचे 304 स्पर्धक उतरले. घनदाट जंगलातून चालणं, माउंटन बाइक, समुद्रात आणि नदीत कयाक, गुहा, कडे, पाण्याखालची डुबकी असं सगळं त्यात होतं. वाटेत सेगामा नावाची नदी होती. जंगलातला चिखल पोटात घेऊन वाहणारी ही नदी पोहत पार करायची होती. काटेरी झुडपांनी अंगभर ओरखडे, तासन्‌तास ओल्या बुटांत राहून मऊ पडलेली पावलं, आणि त्याच अवस्थेत पाण्यात उडी.

शर्यत संपली. लोक आपापल्या देशी परतले. पुढच्या काही दिवसांत लंडनपासून अमेरिकेपर्यंतच्या डॉक्टरांकडे एकाच तऱ्हेचे रुग्ण येऊ लागले. धडधाकट, कमावलेल्या शरीराची माणसं. अंगात सणसणून ताप, थंडी, डोकेदुखी, अंगदुखी. एकेका डॉक्टरला हा साधा फ्लू वाटू शकला असता. पण परदेशातून येणाऱ्या प्रवाशांच्या आजारांवर लक्ष ठेवणारं एक जाळं तेव्हा तयार होतं. त्यातून आणि अमेरिकेतल्या स्थानिक आरोग्य खात्यांकडून बातमी सीडीसी या अमेरिकी रोगनियंत्रण संस्थेपर्यंत पोहोचली. सगळ्या रुग्णांना जोडणारा धागा एकच निघाला, तो म्हणजे बोर्निओची शर्यत.

मग तपास सुरू झाला. स्पर्धकांना शोधून प्रश्न विचारले गेले. कुठल्या टप्प्यात होतात? अंगावर जखमा होत्या का? नदीचं पाणी तोंडात गेलं का? 304 पैकी 189 जणांशी संपर्क झाला. त्यातले 80 जण, म्हणजे 42 टक्के, आजाराच्या व्याख्येत बसले. 29 जणांना रुग्णालयात दाखल व्हावं लागलं होतं. सेगामा नदीत पोहलेल्यांना आजार होण्याचा धोका न पोहलेल्यांच्या दुप्पट होता. 20 स्पर्धकांनी शर्यतीच्या आधी किंवा दरम्यान डॉक्सीसायक्लिन हे औषध घेतलं होतं. त्यांच्यात आजार निम्म्याहून कमी दिसला, मात्र इतक्या लहान संख्येवरून ठाम निष्कर्ष काढता येत नव्हता. एकही स्पर्धक दगावला नाही.

आजाराचं नाव होतं लेप्टोस्पायरोसिस. आपल्याकडचा 'लेप्टो'.

मुंबई-कोकणातल्या वाचकाला हे नाव नवं नाही. उंदीर, घुशी, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून हे जंतू बाहेर पडतात आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात कित्येक आठवडे जगू शकतात. माणसाच्या अंगावरच्या लहानशा खरचटीतून किंवा डोळे-नाक-तोंडाच्या नाजूक त्वचेतून ते आत शिरतात. बहुतेकदा आठवडा-दोन आठवड्यांत ताप येतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. काहींचं तेवढ्यावर भागतं. काहींना कावीळ होते, मूत्रपिंडं बंद पडतात, फुप्फुसांत रक्तस्राव होतो.

खरं तर शर्यतीच्या जगाला इशारा आधीच मिळालेला होता. 1994 मध्ये रेड गोलुआझ बोर्निओतच, सारावाक राज्यात झाली होती. त्यात न्यूझीलंडचा नामवंत स्पर्धक स्टीव्ह गर्नी याला हाच आजार झाला आणि तो अक्षरशः मरणाच्या दारातून परत आला. सावरल्यावर तो पुन्हा सराव करू लागला आणि 1997 पासून 2003 पर्यंत सलग सात वर्षं त्याने कोस्ट टू कोस्ट जिंकली. त्याच्या जिद्दीला सलामच. पण सहा वर्षांनी त्याच बेटावर तोच आजार ऐंशी जणांना गाठतो, हेही विसरता येत नाही.

या आजाराचा जुना इतिहास पाहिला की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. 1886 मध्ये हायडेलबर्गच्या अडॉल्फ वाइल यांनी ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र असणाऱ्या या आजाराचं वर्णन केलं. 1915 च्या सुमारास जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी त्याचा जंतू शोधला. त्यांचे रुग्ण कोण होते? क्यूशू बेटावरच्या, पाण्याने भरलेल्या कोळसा खाणींतले मजूर. आपल्या बाजूला 1931 मध्ये टेलर आणि गोयल यांनी अंदमानातल्या या आजारावर अहवाल लिहिला. आणि लोकांनी वेगवेगळ्या देशांत याला दिलेली नावं पाहा: भातकापणीची कावीळ, ऊसतोड्यांचा आजार, डुकरं राखणाऱ्यांचा आजार, चिखलताप. माणूस कुठलं काम करतो ते आजाराच्या नावातच लिहिलेलं आहे. राजाच्या किंवा व्यापाऱ्याच्या नावाने हा आजार कुठे ओळखला गेला नाही.

यातला एक अपवाद सैनिकांचा. पनामाच्या जंगलात प्रशिक्षणाला जाणाऱ्या अमेरिकी सैनिकांना हा आजार होई. तिथे 940 सैनिकांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना आठवड्यातून एकदा डॉक्सीसायक्लिन दिलं, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. औषध न मिळालेल्यांत 20 जण आजारी पडले, मिळालेल्यांत एक. हा निकाल 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. सैनिक आजारी पडला तर सैन्याचं नुकसान होतं, म्हणून संशोधन झालं. खाणमजूर आणि शेतमजूर तर त्याआधीही आजारी पडतच होते.

आता आपल्याकडे येऊ. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझ इथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीकाठच्या कुर्ल्यापासून कलिन्यापर्यंत माणसं कमरेएवढ्या, गळ्याएवढ्या पाण्यातून रात्रभर चालत होती. मशिदी, शाळा, देवळं उघडली गेली, अनोळखी माणसांनी एकमेकांचे हात धरले. पाणी ओसरलं, आणि मग लेप्टोची लाट आली. त्या रात्री पाण्यात उतरलेल्या कुणीही अर्ज भरलेला नव्हता, कुणाकडे नकाशा नव्हता. तीही एक शर्यत होती, फक्त तिला हौस कारण नव्हती.

कोकणात तर ही शर्यत दर पावसाळ्यात होते. चिखलणी आणि लावणीच्या दिवसांत बायका-पुरुष सकाळपासून संध्याकाळपर्यंत गुडघाभर चिखलात वाकलेले असतात. पायाला भेगा, हाताला कोयत्याचे, दगडाचे व्रण, शेजारी बैलाचं शेण-मूत आणि बांधात उंदरांची बिळं. सेगामा नदीत होतं ते सगळं इथे आहे.

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात माझ्या वर्गातला एक मुलगा आठवडाभर आला नाही. परत आल्यावर म्हणाला, "सर, अब्बांना ताप होता. चार दिवस सगळे म्हणत होते पावसाचा ताप आहे, उतरेल." मग डोळे पिवळे झाले तेव्हा त्यांना जिल्ह्याच्या गावी नेलं. सुदैवाने ते वाचले. मी त्याला विचारलं, आधी दवाखान्यात नेलं होतं ना? तो म्हणाला, "नेलं होतं. पण अब्बा शेतात उतरले होते हे कुणी विचारलंच नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. शेतात तर ते रोजच उतरतात."

त्या मुलाचं हे शेवटचं वाक्य माझ्या मनातून जात नाही. बोर्निओच्या स्पर्धकाला सेगामा नदी ही आयुष्यातली एकदाच घडलेली, सांगण्यासारखी गोष्ट होती. त्यामुळे डॉक्टरने विचारताच, कधी न विचारताही, त्याने ती सांगितली. आजार लवकर ओळखला गेला. आपल्या शेतकऱ्याला चिखल ही सांगण्यासारखी गोष्टच वाटत नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की जगात दर वर्षी सुमारे दहा लाख लोकांना लेप्टो होतो आणि 58,900 लोक त्याने मरतात. मरणारे बहुतेक गरीब, उष्ण देशांतले आहेत. तिकडे 80 आजारींपैकी मृत्यू शून्य. दोन्हीकडे जंतू एकाच जातकुळीचे आणि औषधंही तीच. पण शर्यतीतला माणूस मुळात निरोगी आणि खात्यापित्या घरचा होता, आणि त्याचा ताप कुठून आला हे शोधणारी माणसं त्याच्या पाठीशी होती. सारा फरक तिथे पडला.

मला हौशी लोकांबद्दल आकस नाही. उलट आपल्या पोरापोरींनी डोंगर चढावेत, सायकली चालवाव्यात, नद्या पोहाव्यात असंच मला वाटतं. 2019 च्या फिजीतल्या इको-चॅलेंजमध्ये डेहराडूनच्या ताशी आणि नुंगशी मलिक या जुळ्या बहिणींच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ उतरला, तेव्हा आनंदच झाला. शरीर ही अल्लाहची अमानत आहे असं आपण मानतो. ते कसून वापरणं हाही त्या अमानतीचा सन्मान आहे. पण मग शेतात राबणाऱ्याचं शरीरही तितकीच मोठी अमानत आहे, हे विसरून कसं चालेल?

म्हणून या शर्यतीच्या इतिहासातून घेण्यासारखी एक गोष्ट अगदी साधी आहे. पावसाळ्यात घरात कुणाला ताप आला, आणि तो शेतात, गोठ्यात, गटारात किंवा पुराच्या पाण्यात उतरलेला असेल, तर पहिल्याच दिवशी दवाखान्यात जा आणि डॉक्टरने विचारण्याची वाट न पाहता सांगा: मी चिखलात होतो, मी पाण्यात होतो. पायाला जखम असेल तर तीही दाखवा. मनाने गोळ्या घेऊ नका, आधीच घ्यायचं औषधही आरोग्य केंद्रात विचारूनच घ्या. जमेल त्याने गमबूट वापरा, जखम झाकून उतरा. आणि जे शिक्षक आहेत, इमाम आहेत, आशाताई आहेत, त्यांनी जून महिन्यात ही गोष्ट एकदा तरी लोकांच्या कानावर घाला.

त्या शर्यतीचा नियम होता की चौघांपैकी एक मागे राहिला तर संघ पोहोचला असं मानायचं नाही. हौशी माणसांनी खेळासाठी केलेला हा नियम आपल्याला गावासाठी का करता येऊ नये?