दार आधी, भिंत मग

जुन्या वाड्याच्या महादरवाज्याला बिजागरी नसते. सागवानी जाड फळ्या उभ्या जोडून, मागून आडव्या पट्ट्या खिळ्यांनी आवळून झडप तयार करतात. भिंतीकडच्या कडेची फळी मात्र वरखाली थोडी लांब ठेवतात आणि तिचीच दोन गोल टोकं, म्हणजे खुंट्या, घडवतात. खालचं टोक उंबरठ्यामागच्या दगडाच्या खळग्यात उभं राहतं, वरचं टोक चौकटीमागच्या तुळईच्या भोकात फिरतं. झडपेचा सगळा भार खालच्या खुंटीवरून थेट जमिनीत जातो, वरची खुंटी फक्त झडपेला पुढे कलंडू देत नाही. बिजागरीचं दार खिळ्यांवर लोंबकळतं, हे दार उभं राहतं. म्हणूनच मणामणांची झडप पिढ्यान्‌पिढ्या फिरते आणि झिजलीच तर खळग्याच्या तळाशी झिजते. कारखान्यातली लोखंडी बिजागरी स्वस्त झाली तेव्हा ही रीत मागे पडली. ती आली कुठून, हा खरा वादाचा विषय आहे.

खुंटीच्या दाराचा सगळ्यात तपशीलवार पुरावा लाकडात नाही, दगडात आहे, आणि तो अजिंठ्याला आहे. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन कला-इतिहासकाराने तिथल्या विहारांचा कालक्रम लावताना चित्रांइतकंच, काही ठिकाणी चित्रांहूनही जास्त, भिक्षूंच्या कोठड्यांच्या दारांवर लक्ष दिलं. दारं केव्हाच नाहीशी झाली आहेत, पण ती बसवण्यासाठी दगडात केलेली सोय शिल्लक आहे. ही सोय सगळीकडे सारखी नाही. काही कोठड्यांत खास अशी काही तजवीज दिसत नाही. काहींत दारामागे, कोठडीच्या आतल्या अंगाला, भिंतीतूनच पुढे आलेले दगडी कान आहेत आणि खुंटीची भोकं त्या कानांत आहेत. पुढच्या टप्प्यात कान गेले आणि झडप सामावेल अशी खोलगट जागाच भिंतीत कोरली गेली. स्पिंकने या प्रकारांना क्रम दिला आणि त्यावरून कुठली कोठडी आधीची, कुठली नंतरची हे ठरवलं. भोकाच्या कडेला झीज असेल तर तिथे कोणी राहिलं, दार उघडलं-मिटलं. झीज नसेल तर कोठडी वापरातच आली नाही, असंही तो वाचत गेला. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं सगळं काम वीसेक वर्षांत उरकलं, हा त्याचा सिद्धांत अनेक अभ्यासकांना मान्य नाही, आणि वर्षागणिक तारखा लावण्याचा त्याचा आत्मविश्वास मलाही पटत नाही. पण दारांच्या प्रकारांचं निरीक्षण तारखांवर अवलंबून नाही. तारखा पुढेमागे सरकल्या तरी कान कानच राहतात.

त्या कानांमध्येच वाड्याच्या दाराची कुळकथा आहे, असं माझं ठाम मत आहे. लेणं वरून खाली, बाहेरून आत कोरत नेतात. काढलेला दगड परत चिकटवता येत नाही. आतली भिंत तासताना नेमक्या दोन जागी दगड शिल्लक ठेवायचा, तर झडप किती रुंद, किती उंच, कुठल्या बाजूला वळणार हे छिन्नी लावण्याआधीच पक्कं हवं. म्हणजे सुताराचं माप आधी आणि पाथरवटाची भिंत नंतर. आता वाड्याकडे पाहा. तिथेही वरच्या खुंटीचं भोक चौकटीच्या गणेशपट्टीत नसतं, तिच्यामागे भिंतीत रोवलेल्या वेगळ्या लाकडात असतं. हे लाकूड भिंत रचतानाच बसवावं लागतं. झडप दाराच्या मोकळ्या जागेपेक्षा रुंद, चौकटीच्या मागे, आत वळणारी; माप दोन खळग्यांमधल्या अंतराचं. म्हणून एका वाड्याची झडप दुसऱ्या वाड्याला बसत नाही. अजिंठ्याचा दगडी कान म्हणजे या मागच्या लाकडाची दगडात उतरलेली प्रत, असा माझा तर्क आहे. कार्ल्याच्या चैत्याच्या छताला खऱ्या लाकडी फासळ्या आहेत आणि त्याच घाटाच्या फासळ्या इतरत्र दगडातही कोरल्या आहेत. सुताराची रीत पाथरवटाने उचलणं या मुलखात नवं नव्हतं.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा की महादरवाजे, त्यांवरचे अणकुचीदार खिळे, दिंडी, हे सगळं सुलतानी किल्ल्यांतून आलं. खिळ्यांपुरतं हे मला मान्य आहे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याच्या प्रत्येक झडपेवरचे 72 सुळे हत्तीला रोखण्यासाठी आहेत आणि ती युद्धाची भाषा आहे. पण खुंटी आणि खळगा त्या किल्ल्यांहून कित्येक शतकं जुने आहेत. कान्हेरी आणि नाशिकच्या लेण्यांतल्या कोठड्यांतही दारं बसवण्याच्या खाचा आहेत. किल्ल्याने दार जड केलं, ते फिरवण्याची युक्ती इथे आधीच होती. दुसरा आक्षेप जास्त भक्कम आहे. खुंटीची दारं जगभर होती. असिरियन सम्राट तिसऱ्या शाल्मनेसरच्या बालावातच्या दरवाज्यांचे खांब, इसवी सनापूर्वी नवव्या शतकात, असेच खळग्यांत फिरत. मग वंश कशाला शोधायचा? युक्ती एकाहून अधिक ठिकाणी सुचू शकते, यात शंका नाही. पण चौकटीमागचा वेगळा आधार ही युक्तीपलीकडची सवय आहे, आणि सवय हातातून हातात जाते. मधल्या शतकांचं लाकूड कुजलं. म्हणून साखळीची मधली कडी यादवकाळातल्या देवळांच्या गाभाऱ्यांत शोधावी. तिथल्या उंबऱ्यांमागचे खुंटीचे खळगे आजही बोटाला लागतात.

तिसरा आक्षेप मलाच अडवतो. कान सोडले नाहीत तर झडप दाराच्या जाडीत बसेल आणि अरुंद वाट आणखी अरुंद होईल. एवढ्या गरजेपोटी पाथरवटाला ते स्वतःहून सुचले नसतील कशावरून? गरजेने कानांची जागा ठरली असेल, पण आकाराचं उत्तर त्यातून मिळत नाही. दगडाला सोयीचा उपाय होता भिंतीत खोलगट जागा कोरण्याचा, आणि तो आला सगळ्यात शेवटी. पाथरवट दगडाच्या सोयीने विचार करत असता तर त्याने सुरुवात तिथूनच केली असती. त्याने आधी पुढे आलेला ठोकळा निवडला, कारण सुताराकडे तोच होता. पुढे खोलगट जागेचा उपाय दगडाकडून बांधकामाकडे गेला असावा: किल्ल्याच्या महादरवाज्यामागे उघडलेली झडप जिथे विसावते ती भिंतीतली खोलगट जागा, आणि तिच्या शेजारी अडसर पूर्ण आत सरकवण्यासाठी ठेवलेलं लांब भोक, दोन्ही भिंत रचतानाच सोडावी लागतात.