१९०४: यजमानाशिवाय झालेली पंगत

आज आपण एका वर्षात फेरफटका मारणार आहोत. १९०४.

आधी एक कबुली. शनिवारी रात्री आमची ऑफिसची गँग टर्फवर फुटबॉल खेळते. गेल्या आठवड्यात अर्धा तास भांडण झालं, कारण समोरच्या टीमचे नियम वेगळे होते. शेवटी खेळ कमी, वाद जास्त. १९०४ मध्ये अख्ख्या युरोपची हीच गत होती.

१ मे ला ब्रुसेल्सजवळ बेल्जियम आणि फ्रान्स भिडले. दोघांचाही हा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना, निकाल ३-३. पण अशा मॅच वाढल्या तर देशाची खरी संघटना कोणती? एका देशाने बंदी घातलेला खेळाडू शेजारी जाऊन खेळला तर?

म्हणून २१ मे ला पॅरिसमध्ये फिफा जन्माला आली. संस्थापक देश सात: फ्रान्स, बेल्जियम, डेन्मार्क, नेदरलँड्स, स्पेन, स्वीडन, स्वित्झर्लंड. स्पेनकडे तर राष्ट्रीय संघटनाच नव्हती, माद्रिदच्या एका क्लबला देशाच्या नावावर धरलं! अध्यक्ष झाले रॉबेर गेरँ, एक फ्रेंच पत्रकार. वार्षिक वर्गणी ५० फ्रँक. ठरलं काय? एकमेकांच्या संघटनांना मान्यता द्यायची, एकाने केलेली शिक्षा सगळ्यांनी पाळायची आणि खेळायचं इंग्लंडच्या नियमांनी. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, सगळ्यांनी एकच प्रोटोकॉल मान्य केला.

आणि ज्यांचे नियम, ते इंग्लंड? ते आलंच नाही. त्यांना आधी विचारलं होतं, पण अशा महासंघाचा फायदा त्यांना दिसेना. बरोबरच आहे म्हणा, घरी लीग जोरात, कप जोरात. त्याच वर्षी मँचेस्टर सिटीने बोल्टनला १-० हरवून एफए कप जिंकला. बाहेरच्यांची गरज कोणाला?

पण खेळ कोणाची वाट बघत बसला नव्हता. लिस्बनमध्ये बेनफिकाची सुरुवात फेब्रुवारीतच झाली होती. पॅरिसच्या बैठकीच्या १७ दिवस आधी जर्मनीतल्या कोळसा खाणींच्या वस्तीत काही पोरांनी क्लब काढला. तोच आजचा शाल्के ०४, तो ०४ म्हणजे हेच साल. नोव्हेंबरात अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या ऑलिम्पिकला फुटबॉलचे संघ किती? तीन! दोन तिथलेच आणि एक कॅनडाचा गॉल्ट. गॉल्टने ७-० आणि ४-० असे दोन्ही सामने मारून सोनं नेलं.

इंग्लंड १९०५ मध्ये फिफाशी जोडलं गेलं, पण पुढे दोनदा रुसून बाहेर पडलं. पहिल्या तिन्ही वर्ल्डकपला ते नव्हतंच. १९५० ला आलं आणि अमेरिकेकडून १-० ने हरलं.

मला यातून एकच कळलं. गोष्ट तुम्ही बनवलीत म्हणून ती कायम तुमची राहत नाही. जिथे तिचे निर्णय होतात, त्या खोलीत जाऊन बसावं लागतं. मी स्वतः एकदा 'छोटी मीटिंग आहे' म्हणून गेलो नाही, आणि माझ्याच मॉड्यूलचं भवितव्य माझ्याशिवाय ठरलं.

या शनिवारी मात्र मी टर्फवर दहा मिनिटं आधी जाणार आहे. नियम ठरवायला. भेटूया पुढच्या भागात!