हाली रुपया: नाण्याची प्रत आणि दुर्मिळतेचा अर्थ

नाणेसंग्राहक कोणत्याही चांदीच्या नाण्याविषयी प्रथम दोन प्रश्न विचारतो: ते कोणत्या प्रतीचे आहे आणि ते किती दुर्मिळ आहे. हे प्रश्न वरवर बाजारातले वाटले, तरी त्यांची उत्तरे इतिहासातच शोधावी लागतात. हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा व त्याच्या आसमंतातील गावांचा व्यवहार ज्या निजामी हाली रुपयावर चालत असे, त्याच्या आधारे या विधानाची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

डोंगरकडा ज्या कळमनुरी तालुक्यात मोडते, त्याच्या सीमेवरून पैनगंगा वाहते. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेल्यानंतर ही नदी कालांतराने दोन चलनांचीही सीमा बनली. अलीकडे हाली, पलीकडे कलदार. 'हाली' म्हणजे चालू, प्रचलित. 'कलदार' म्हणजे कळेवर, अर्थात यंत्रावर पाडलेला. पुढे हाली रुपयाही यंत्रावर पडू लागला, तरी 'कलदार' हे नाव इंग्रजी रुपयाकडेच राहिले. सहा कलदारांस सात हाली हा स्थूलमानाने रूढ असलेला दर. हाली रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅम व त्यात शुद्ध चांदी हजारी ८१८, म्हणजे सुमारे ९.१४ ग्रॅम, कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम व चांदी हजारी ९१७, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. या दोन राशींचे प्रमाण सहास सात याच्या अगदी जवळ येते. म्हणजे हालीवरील बट्टा ही केवळ सराफाची लहर नव्हती. त्यामागे धातूचा हिशेब होता.

मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत, १९०३ च्या सुमारास, चारमिनाराची आकृती असलेला रुपया आला. त्याच्या कमानीत निजामाच्या नावाचे आद्याक्षर असते: महबूब अलींचे 'मीम', उस्मान अलींचे 'ऐन'. हिजरी १३२९ (इ.स. १९११) हे वर्ष दोन्ही कारकिर्दींत विभागले गेल्यामुळे त्या सालच्या नाण्यावर आधी अक्षर पाहावे, मग साल. नवखा अभ्यासक '९२' या आकड्याला वर्ष समजतो. वस्तुतः ती अबजद पद्धतीने 'मुहम्मद' या नामाच्या अक्षरांची बेरीज आहे (४०, ८, ४० व ४).

आता प्रतीविषयी. झीज प्रथम उंच भागांवर दिसते: येथे मिनारांवर व कमानीच्या कडांवर, इंग्रजी रुपयावर राजाच्या मुकुटावर, अमेरिकेच्या मॉर्गन डॉलरवर कानावरील केसांत व गरुडाच्या छातीवर. मात्र ठसा मुळातच कमी बसलेला असणे निराळे आणि झिजणे निराळे. कमी बसलेल्या ठशावर टाकसाळीची झळाळी शिल्लक असते. झिजलेल्या जागी ती उडून पृष्ठभाग मंद होतो. अमेरिकेत विल्यम शेल्डन याने १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या सेंटांसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. पुढे ती चांदीच्या डॉलरांनाही लागू झाली. तीत ६० व त्यावरील अंक न वापरलेल्या नाण्यांचे. आपल्याकडे चिंचेने अथवा राखेने नाणे घासून उजळण्याची रीत आहे. त्याने नाणे चकचकीत होते, पण मूळ झळाळी कायमची जाते, आणि जाणकाराच्या दृष्टीने प्रत खालावते.

दुर्मिळतेचे गणित याहून अवघड आहे. किती नाणी पाडली यावरून किती उरली हे कळत नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीची टंचाई झाली, लोक नोटा देऊन रुपये मागू लागले. तेव्हा १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये अमेरिकेने सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यांतील बहुतांश चांदी ब्रिटिशांमार्फत येथील रुपयांसाठी आली. कोणत्या सालची किती नाणी वितळली याची नोंद कोणी ठेवली नाही. म्हणजे तेथील डॉलरच्या दुर्मिळतेचे एक कारण इकडच्या टाकसाळीत आहे. त्याच वर्षी हैदराबाद संस्थानानेही आपल्या नोटा काढल्या. उलट उदाहरणही बोधप्रद आहे. न्यू ऑर्लिन्सच्या टाकसाळीचा १९०३ चा डॉलर अत्यंत दुर्मिळ मानला जाई. १९६२ मध्ये सरकारी कोठारातून त्याच्या थैल्या निघाल्या आणि त्याची किंमत एकाएकी कोसळली. दुर्मिळता हा नाण्याचा गुण नसून आपल्या ज्ञानाची त्या वेळची स्थिती होय.

हाली रुपयाचेही असेच झाले. १९५० पासून भारतीय रुपया त्याच्यासोबत चालू लागला आणि १९५९ मध्ये हाली चलन रद्द झाले. उरलेली नाणी मुशीत गेली, पेटीत राहिली किंवा दागिन्यांत ओवली गेली. या भागातील बंजारा स्त्रियांच्या अलंकारांत रुपयांना कडी लावण्याची रीत होती. कडी लावलेले, झिजलेले नाणे संग्राहक बाजूला सारतो. इतिहासाच्या अभ्यासकाने तसे करू नये. निष्कलंक नाणे टाकसाळीची साक्ष देते. ते व्यवहारातून सुटलेले असते. हाताळून गुळगुळीत झालेले नाणे बाजाराची साक्ष देते, कडी लावलेले घराची. आपल्या भाषेत 'बंदा रुपया' हा गौरवाचा शब्द आहे आणि 'बट्टा लागणे' हा कमीपणाचा. अभ्यासात मात्र बट्टा लागलेला रुपयाच पुष्कळदा अधिक बोलतो.

अशी नाणी आजही केवळ धातूच्या भावाने विकली जातात व वितळतात. म्हणून विद्यार्थ्यांनी गावोगाव एवढे तरी करावे: साल, अक्षर, वजन, झिजेची जागा, कडीची खूण आणि नाणे त्या घरी कसे आले याविषयी घरच्यांनी सांगितलेली हकिकत, अशी साधी नोंद ठेवावी. नाणे घासू नये. मुशीत गेलेल्या रुपयाची चांदी पुन्हा मिळेल. त्याची साक्ष मिळणार नाही.